डाव्या हाताचं सारवण

३ मार्च, सोमवार

आज कामावर आलो. कवठे महांकाळच्या फुडं फाट्यावर यष्टीतनं उतरलो तर कामावरच्या मॅडमची जीप आमच्यासाठी उभी. ट्रंक, शेगडी, कळशी, राजीचं गाठुडं सगळं जीपमधी घातलं आन मी फुडं बसली. लगीन झालं तवा मला टेंपोतनं आणली हुती, त्यापरास आज नवरीगत वाटलं.

हे म्हणजी आमचं मालक, धनाजी. त्यांना राखणदाराचं काम लागलंय. वाडीच्या भाईर पांढरीचं मोठं टेकाड हाय. पांढरी म्हणजी जिथं लय वर्सामागं वस्ती हुती ती जागा. माती चुलीतल्या राखंगत. तिथं पुण्याची माणसं चौकोनी चर मारून उकरत्यात. राजीला बगून सगळी गोळा झाली. राजी म्हणजी आमची राजेश्वरी, आठ म्हयन्याची. पायात माझ्या आईनं केल्यालं घुंगराचं वाळं हायत. अजून रांगत न्हाई, बसल्या जागी भवऱ्यागत फिरती.

मला बी काम दिलं. चरात घावलेली खापरं धुवायची आन वाळत घालायची. आमच्या वरच्या सुरय्या मॅडम मिरजेच्या हायत. बाप तंबोरं करतोय आन लेक मढी उकरती, असं त्या सोताच म्हणल्या आन हसल्या. त्यांचं रोजं चाललंत, उनात दिवसभर पाण्याचा थेंब न्हाई तरी हसत्यात. मी किती शिकली इचारलं. सहावी म्हणलं. मग ही डायरी दिली. रोज चार ओळी लिव, अक्षर गोल झालं की खापरावर नंबर घालाय तुलाच बसवती म्हणल्या. हे म्हणलं, झालं, आता साहेबीण हुतीस तू. आमच्या घरात आत्याबाईंचा, म्हणजी सासूबाईंचा, अजून अंगठा हाय, त्यांच्या म्होरं मी साहेबीणच की.

ऱ्हायला बयाबाईची पत्र्याची खोली हाय, टेकाडाच्या पायथ्याला. बयाबाई सत्तरीची, तोंडानं फटकळ. राजीचा गाल वढून म्हणली, आंजे, ही पोरगी हाय का गुळाची ढेप? खोली बरी हाय. आजूबाजूला बेदाण्याची शेडं हायत, गंधकाचा वास येतो. भुई तेवढी लय उकललीया.

५ मार्च, बुधवार

खापरं धुणं म्हणजी भांडी घासणं न्हवं. दोन टब, एक दात घासायचा ब्रश. जोरात घासलं की नक्षी जाती, मग मॅडम वरडत्यात. लाल खापर, वर काळ्या रेघा. एकावर हरीण हुतं. त्याच्यावरनं ब्रश मी हळूच फिरवला.

दुपारी मॅडमनी मला चरात बोलावलं. तिथं एका घराची भुई घावलीया. कडंला कापून दाखवलं तर पापडाच्या चवडीगत थर. एक थर म्हणजी एक सारवण म्हणल्या. तीन हजार वर्सं हून गेली. मी वाकून बगितलं तर मातीत बोटं उठल्याली. चार बोटांची कमान, आपण सारवतो तशीच. अंगावर काटा आला, पर चांगला काटा. कुणी बाई हितं उकिडवी बसून, पदर खवून, असंच सारवत हुती.

मग मी म्हणलं, मॅडम, ह्ये उलटं हाय. आपली कमान ज्या अंगाला वळती त्याच्या उलट्या अंगाला वळलीया. मॅडम माझ्या शेजारी वाकल्या. मग समद्यांना हाक मारून सांगितलं, तुमाला पंधरा दिवसांत दिसलं न्हाई ते आंजनानं आल्या आल्या बगितलं. ही बाई डावखुरी हुती. पुण्याची पोरं माझ्याकडं बगाय लागली. मला जन्मात कुणी असं म्हणलं न्हवतं.

समदी गेल्यावर मी डावा हात त्या बोटांवर ठेवून बगितला. बरोबर बसला. करंगळी सुदीक.

९ मार्च, रविवार

सुट्टी. बयाबाईनं सांगितलं, भुई करायची तर पांढरीची माती घे, भेगा पडत न्हाईत. वाडीतली समदी घरं त्याच मातीची हायत. धाबं असू दे न्हाईतर चूल असू दे, माती टेकाडावरनंच येती. तिच्या सासूनं नेली, सासूच्या सासूनं नेली. आता सरकारी दोरी बांधली म्हणून काय झालं, माती ती मातीच.

चरातली माती चाळून मॅडम एका बाजूला ढीग घालत्यात. ती मैद्यागत मऊ. घरातली भुई खणून निघाल्याली. मी दोन घमेली आणली, शेणात कालवली आन समदी खोली सारवली. काय भुई झाली म्हणून सांगू, हात फिरवला तर आरशागत. ह्यांनी भाईर चपला काढून आत पाय ठेवला आन म्हणलं, देवळात आल्यावाणी वाटतंय.

आन ती वाळती न वाळती तोवर राजी रांगली! बसल्या जागची फुडं झुकली, हात टेकलं आन निघाली. छुम छुम छुम. भिताडापतूर गेली आन मागं वळून हसली. आत्याबाईंना फोन लावला. त्या म्हणल्या, उशीराच रांगली, वीरधवल सहाव्या म्हयन्यात रांगला हुता. वीरधवल म्हणजी माझा धाकटा दीर. बरं म्हणलं. आज मला कुणाचा राग येत न्हाई.

१३ मार्च, गुरुवार

शिमगा. पोळ्या करून कामावर गेली. दुपारनं सुट्टी हुती, पर अकराच्या सुमाराला चरात आरडा झाला. त्याच घराच्या भुईखाली दोन मडकी घावली. आडवी, तोंडाला तोंड लावून. मॅडमनी पोटावर झोपून ब्रशनं माती काढली. आत लेकरू हुतं. हाडं म्हणजी काय, चिमणीची असावी तशी.

मॅडम म्हणल्या, त्या काळी तान्हं लेकरू गेलं की असंच घरात पुरायची. मी इचारलं का? त्या म्हणल्या, सांगायला कुणी ऱ्हायलं न्हाई. पर आईला लांब सोडवत नसंल, एवढं कळतंय.

मी ब्रश टाकून खोलीवर आली. ह्ये कुणाला बोलायचं न्हाई म्हणून हितं लिवती. राजीच्या आदी मला ल्योक झाला हुता. तीन दिवसांचा गेला. मी खाटंवर पडलेली. आत्याबाईंनी त्याला फडक्यात गुंडाळला आन ह्यांच्या हातात दिला. आईनं मागं जायचं न्हाई, कुटं ठेवलं इचारायचं न्हाई. आमच्यात अशी रीत. दोन वर्सं झाली, मी इचारलं न्हाई, ह्यांनी सांगितलं न्हाई.

ती डावखुरी माझ्यापरास सुखी. तिनं लेकरू आपल्या भुईखाली ठेवलं आन वरनं सारवत बसली. दर खेपंला हात फिरवला म्हणायचा त्याच्यावरनं.

आन आमी काय केलं? वर काढलं.

१७ मार्च, सोमवार

मडक्यापासनं हातभर लांब बाईचा सापळा घावला. तोंड मडक्याकडं. पाय न्हाईत. म्हणजी घोट्याखाली काय न्हाई, तोडल्यालं. मॅडमनी सांगितलं, मोठं माणूस मेलं की पाय तोडून घरातच पुरायची त्यांची चाल हुती. मेलेल्यानं घर सोडून जाऊ ने म्हणून. मग म्हणल्या, हिच्या डाव्या हाताचं हाड उजव्यापरास जाड हाय. आंजना, तुझी सारवणारी घावली बग.

सगळी खूष. फोटू काढलं. मला बी शेजारी उभी केली.

बयाबाईला सांगितलं तर ती हातातली तपकीर तशीच धरून बसली. म्हणली, पाय तोडलं म्हणजी जाणार न्हाई, ह्ये खरं. पर एका जागी बसंल ह्ये कुणी सांगितलं गं? तुझ्या पोरीला कुटं पाय फुटल्यात अजून, तरी खोलीभर फिरतीच की. आन खो खो हसली. मला हसू आलं न्हाई.

२० मार्च, गुरुवार

लेकराची हाडं आज पुण्याला गेली. कापसात घालून, डब्यात. डब्यावर नंबर मीच घातला, गोल अक्षरात. बाई अजून चरातच हाय, तिचं मोजमाप चाललंय. तिच्या डोळ्याम्होरनंच डबा नेला. डोळं कुटलं, भोकं. तरी मी तिच्याकडं बगितलं न्हाई. मडकी ऱ्हायली माझ्याकडं, धुवायला.

आता दुसरं सांगायचं म्हणजी, सकाळी कामावर जाताना भुईवर सारवणाचा हात फिरवून कुलूप घातलं. राजी माझ्यासंगं हुती, लिंबाखाली झोळीत. बाराला भाकरी खायाला आली, कुलूप काढलं. वल्या भुईवर उठल्यालं. हाताचं पंजं आन गुडघं. माझ्याएवढं मोठं. पावलं कुटंच न्हाईत. भिताडाकडंनं समद्या कोपऱ्यात गेल्यालं, आन परत, आन परत. काय तरी सांडलंय आन हुडकाय लागल्यावाणी.

बयाबाईकडं दुसरी किल्ली हाय म्हणून इचारलं. ती म्हणली, आंजे, माझं गुडघं धा वर्सं झाली वाकत न्हाईत, मी संडासला उभी ऱ्हाती. चेष्टा करती व्हय माझी?

ह्यांना दाखवावं म्हणलं तर सांच्यापतूर राजीनं समदं पुसून टाकलं.

२२ मार्च, शनिवार

पायाला मुंग्या येत्यात. आदी बोटं, आता टाचंपतूर. चुलीतला निखारा पायावर पडला, फोड आल्यावर कळालं. कवठ्याला डॉक्टरकडं जाऊन आलो. अंगात रगत न्हाई, अंगावर पाजताय म्हणून हुतंय म्हणला. सुई टोचली. हे म्हणलं, बग, उगं घाबरतीस.

कोपऱ्यातलं सारवण मी केल्यालं न्हाई. मी माझा हात वळिकती. कोपऱ्यातली कमान उलटी हाय.

२५ मार्च, मंगळवार

दुपारी राजीला पाजता पाजता माझा डोळा लागला. जाग आली तवा मी वाकळंवर न्हवती. कोपऱ्यात हुती, हातावर आन गुडघ्यावर. लुगड्याला गुडघ्यापाशी पांढरी माती. डाव्या हाताच्या नखात माती. राजी खोलीच्या मधी बसल्याली, माझ्याकडं टक लावून. रडत न्हवती. वळखीच्या माणसाकडं बगावं तशी बी बगत न्हवती.

मॅडमना सांगितलं. त्यांनी आयकून घेतलं, पाठीवर हात ठेवला. मग म्हणल्या, आंजना, वाडीत ह्ये बोलू नगंस. गावानं काम बंद पाडलं तर परवाना म्हयनाअखेरीला सपतोय, परत मिळायचा न्हाई. चांगल्या हायत त्या. पर माझं भ्या त्यांच्या परवान्यापरास लहान पडलं.

माती आणल्याचं मी सांगितलं न्हाई. चोरी म्हणतील.

ती आणल्याल्या मातीची भुई खरडून काढाय बसली हुती. खुरपं लागत न्हाई. दगड झालाय.

२७ मार्च, गुरुवार

तंबूतनं मडकी गेली. दोन्ही. समदे ह्यांच्याकडं बगत्यात. राखणदार कोण, हे. पुण्याच्या एका पोरानं तोंडावर म्हणलं, कुणाला इकलीस रं? हे खाली मान घालून उभं. मॅडमनी निसतं वहीत लिवून घेतलं, ते बोलल्यापरास वाईट.

तंबूपासनं आमच्या दारापतूर मातीत दोन रेघा हुत्या. वढत गेल्यासारख्या. सकाळी सगळ्यांच्या आदी ह्यांनी झाडूनं पुसल्या. मी खिडकीतनं बगितलं. मी बगितलं ते त्यांनी बी बगितलं. त्यांनी झाडू दारामागं ठेवला.

लुगडं धुतलं. गुडघ्याचं जाईना.

२८ मार्च, शुक्रवार

आज इचारलं. आपला ल्योक कुटं ठेवलाय? ह्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणलं, वड्याकडंला, करंजाखाली. मी म्हणलं, मला घ्यून चला. राजीला घ्यून हितनं जाऊ, त्याच्यापाशी जाऊ. तवा म्हणलं, न्हाई आंजे, आता तिथं काय न्हाई. मागल्या उनाळ्यात वडा खोल केला. जेसीबीनं करंज बी नेला. माती डंपरनं कुटं टाकली ठावं न्हाई. कुणाच्या तरी रानात पडली असंल.

तिच्या लेकराला कापूस मिळाला. डबा मिळाला, नंबर मिळाला. माझ्याला डंपर.

मी रडली न्हाई. डावा हात भुईवर फिरत हुता, माझा मलाच उशीरा दिसला.

२९ मार्च, शनिवार

पाय गेलं. घोट्याखाली कायच कळंना. उभी ऱ्हायली की पडती. रांगती. राजी फुडं, मी मागं. बयाबाई दारातनं बगून गेली, हसली न्हाई. परत आली न्हाई.

खोलीच्या मधी भुई वाजवून बगितली. दुसरीकडं ठक. तिथं बद्द. पोकळ.

ह्यांना सांगितलं, मडकी हितं हायत. मीच पुरल्यात असणार. आत लेकरू न्हाई, लेकरू पुण्याला. मोकळी मडकी तिच्या भुईत. कळतंय का तुमाला, मोकळी हायत. तिला त्यात घालाय पायजे काय तरी. उकरा, आत्ता.

हे म्हणलं, उकरून काढली तर आमीच चोर ठरतो. मॅडम उद्या ईदसाठी मिरजंला जाणार, मीच जीपनं सोडाय जाणार हाय. परत आलो की काढतो आन चरात ठिवून घावली म्हणतो. एक दिवस दम धर. एकच दिवस.

नोकरी ऱ्हाईल ह्यांची.

आत्याबाईंना फोन केला. पाया पडती, राजीला घ्यून जावा म्हणलं. त्या म्हणल्या, एक घालवलास, आता ही बी सांभाळायला जड झाली व्हय? मग मी रडती ते आयकलं असंल. म्हणल्या, बरं बरं, गप. उद्या बाराच्या यष्टीनं येती, पोरीची कापडं बांधून ठिव.

कापडं बांधली.

३० मार्च, पाडवा

सकाळ

तंबूवर गुढी दिसती हितनं. समद्यांना सुट्टी, माणूस न्हाई. हे मॅडमना घ्यून गेलं. जाताना मी म्हणलं, मला बी राजीला घ्यून बसवा जीपमधी. मॅडमच्या म्होरं काय बोलशील म्हणून ह्यांनी न्हेलं न्हाई.

राजीला पदरानं कमरंला बांधलंय, तीन गाठी. भाईर उंबऱ्यावर बसावं म्हणलं तर उंबऱ्यापतूर जाती आन हात मागं वढत्यात.

डोळा लागू द्यायचा न्हाई. लिवत ऱ्हायलं की डोळा लागत न्हाई. उजव्या हातानं लिवती. डावा मांडीखाली दाबून ठेवलाय.

अकरा

राजी खेळतीया. वाळं वाजत्यात, बरं वाटतं. आपलं आपलं लिवत ऱ्हायचं. आज कडुलिंब खाल्ला न्हाई. साखरंची माळ आणली न्हाई राजीला. फुडल्या पाडव्याला आणीन. मोठी, गुलाबी.

आगं बाई, तुझं मी नेलं न्हाई. म्या निसता नंबर घातला. मला बी एक हुतं. मला बी कुणी ठिवून दिलं न्हाई. तुला तर ठावं—

दार उघडं ठेवलं हुतं मी. आता कडी हाय. आतनं.

बारा

यष्टी वाजली फाट्यावर. आत्याबाई आल्या. धा मिन्टाची वाट. धाच मिन्टं. त्या चालत्यात झपाझप. राजी मांडीवर हाय. गरम हाय. डावा हात मांडीखाली मुंग्या

ओळ खाली गेली. डोळा लागला न्हाई, निसता मिटला. एकदाच मिटला—

गाठी सुटल्यात. तिन्ही.

राजी

भुई वली हाय. मधी. वल्या मातीचा वास. मी आज सारवलं न्हवतं—मी सारवलं न्हवतं—कमान उलटी—

वाळं वाजत्यात. खालनं. छुम. मग न्हाई. मग छुम.

आत्याबाई दारात. आंजे, कडी काड, पोरगी कुटं हाय, आंजे. आवाज फुटंना माझा. तोंड उघडती, माती. पान फाडून दाराखालनं सरकवावं—त्यांना वाचाय येत न्हाई—कुणी तरी वाचा—मधली भुई उकरा आदी, मला नगा बगू, भुई—

रांगत आली मधी. पेनानंच उकरती. उजव्यानं उकरती, डावा मागनं सारवतोय. जेवढं उकरती तेवढं—आगं सोड—माझा हात हाय त्यो—

वाळं न्हाई वाजत आता—वाजव गं राजी—एकदा—

हात फिरतोय वरनं. लय मायेनं फिर